उलटा वाचलेला आलेख

१९१० ते १९३० अशी सुमारे वीस वर्षे जगातले नाणावलेले हृदयतज्ज्ञ ईसीजीतली एक खूण उलटी वाचत होते. हृदयाच्या खालच्या कप्प्यांना, म्हणजे जवनिकांना, आकुंचनाचा विद्युतसंदेश पोचवणाऱ्या तंतूंचे दोन फाटे असतात, एक डावा आणि एक उजवा. त्यांतला एक निकामी झाला की ईसीजीतली उंच लाट रुंदावते, तिचा आकार बदलतो, आणि त्या आकारावरून कोणता फाटा बिघडला ते सांगता येते. हे तेव्हाही माहीत होते आणि आज तर वैद्यकाच्या विद्यार्थ्याला सुरुवातीच्या धड्यांतच शिकवतात. पण आज ज्याला डाव्या फाट्याचा अडथळा म्हणतात त्याला तेव्हा उजव्याचा म्हणत, आणि उजव्याच्या अडथळ्याला डाव्याचा. यंत्र उत्तम होते, आलेख स्वच्छ निघत होते, वाचणारे त्या विषयातले अग्रणी होते. तरी डाव्याचे उजवे झाले, आणि आलेखाकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी ती चूक कुणाला दिसणे शक्यच नव्हते. ईसीजीचा इतिहास सहसा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो: अमक्याने अमका गॅल्व्हानोमीटर बनवला आणि हृदयाचे गुपित उघडे झाले. मला वाटते, गोष्ट नेमकी तिथून पुढे सुरू होते. त्या रेघांना जो काही अर्थ मिळाला तो कागदाबाहेरून मिळाला. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांकडून, शवविच्छेदनाच्या टेबलावरून, रुग्णाच्या हकिकतीतून आणि पुढे शस्त्रक्रियागृहातून तो एकेक करून आणावा लागला. जिथे हा बाहेरचा पुरावा कमी पडला किंवा चुकीचा निवडला गेला, तिथे उत्तम आलेखही चुकीचेच वाचले गेले.

यंत्राचे श्रेय नाकारण्याचा अर्थातच प्रश्न नाही. १८८७ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी छाती न उघडता माणसाच्या हृदयातली विद्युत हालचाल पहिल्यांदा टिपली. त्यांच्यापाशी लिपमनचा केशिका विद्युतमापक होता: काचेच्या बारीक नळीत पारा आणि आम्ल, आणि विद्युतदाब बदलला की किंचित सरकणारी पाऱ्याची कड. पारा जड, म्हणून आळशी. हृदयातले झटपट बदल त्यात पार बोथट होऊन उमटत. १८८९ मध्ये बाझेल इथल्या शरीरक्रियाशास्त्राच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वॉलर यांचे प्रात्यक्षिक पाहणाऱ्यांत विलेम आइनथोव्हेन होते. जन्म जावातल्या सेमारंगचा, १८६० सालचा. वडील डच वसाहतीत डॉक्टर. लायडन विद्यापीठात ते शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. आधी त्यांनी पाऱ्याचा आळस गणिताने दुरुस्त करून खरी रेघ कशी असेल ते काढले आणि १८९५ मध्ये तिच्यातल्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली, ती आजतागायत चालू आहेत. मग त्यांनी पारा सोडूनच दिला. प्रचंड विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतू ताणून बसवला आणि त्याच्या थरथरीची सावली सरकत्या फोटोपट्टीवर पाडली. (असा तंतू काढायची रीत अशी की वितळलेले क्वार्ट्झ बाणाला लावून बाण सोडायचा.) १९०१ ते १९०३ या काळात सिद्ध झालेल्या या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते, ते चालवायला पाच माणसे लागत आणि चुंबक तापू नयेत म्हणून पाणी खेळवावे लागे. रुग्णाने दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे. एवढा खटाटोप करून निघालेल्या रेघा आजच्या रेघांच्या तोडीच्या आहेत.

मग यंत्रानेच सगळे घडवले असे का म्हणू नये? हा आक्षेप वजनदार आहे, कारण १९०३ पूर्वी ईसीजी वाचण्यासारखा नव्हताच. पण तारखा पाहा. यंत्र १९०३ मध्ये तयार. नाडीच्या सर्वात नेहमीच्या अनियमितपणाचा उलगडा १९०९ मध्ये. हृदयविकाराच्या झटक्याची खूण १९२० मध्ये. डाव्या-उजव्या फाट्यांची दुरुस्ती १९३० नंतर. रेघ पहिल्या दिवसापासून तीच होती. ही मधली वर्षे तंतू आणखी बारीक करण्यात गेली नाहीत, तर रेघेशी जुळवून पाहायला दुसरे काहीतरी मिळण्यात गेली. आइनथोव्हेन यांना याची जाण पहिल्यापासून होती. त्यांचे अवजड यंत्र प्रयोगशाळेत आणि रुग्ण इस्पितळात, मध्ये सुमारे दीड किलोमीटर अंतर. १९०५ मध्ये त्यांनी दोन्ही इमारतींमध्ये तार टाकून घेतली आणि इस्पितळात पडून असलेल्या रुग्णांचे आलेख प्रयोगशाळेत काढले. १९०६ च्या निबंधात त्यांनी झडपांचे विकार, जवनिकांची वाढ, हृदयातला पूर्ण अडथळा अशा रुग्णांचे आलेख छापले, पण निदान तारेच्या दुसऱ्या टोकाला होते. ते इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोपने आणि बोटांनी आधीच केलेले होते. आलेखाने ते शोधले नाही, आलेखाला ते चिकटवले गेले. वॉलर यांनी १९११ मध्येही इस्पितळात या तंत्राचा फारसा उपयोग होईल असे वाटत नाही असे लिहिले, म्हणून त्यांची आज थट्टा होते. मला ते तितके हास्यास्पद वाटत नाहीत. अजून कशाशी जोडलेली नाही अशी रेघ पाहून कुठल्याही सावध माणसाने हेच म्हटले असते.

जोडणी पहिल्यांदा नीट झाली ती नाडीच्या ठोक्यांबाबत. बर्नली या गिरणगावात साध्या वैद्यकीचा व्यवसाय करणारे जेम्स मॅकेन्झी मानेतल्या शिरेची आणि मनगटाच्या नाडीची स्पंदने एकाच कागदावर शाईने उमटवत. कायम अनियमित चालणाऱ्या नाडीच्या रुग्णांत शिरेतली कर्णिकेची, म्हणजे वरच्या कप्प्याची, लाट गायब असते हे त्यांनी हेरले होते. कर्णिका आकुंचन पावत नसावी, एवढाच त्यातून तर्क निघत होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधले तरुण थॉमस लुइस यांनी १९०९ मध्ये अशाच रुग्णांचे ईसीजी काढले. त्यांत पी लाट नव्हती आणि तिच्या जागी बारीक, बेशिस्त थरथर होती. कर्णिका थांबलेली नव्हती, ती सैरभैर कंप पावत होती. व्हिएन्नाचे रोथबर्गर आणि विंटरबर्ग त्याच वर्षी याच निष्कर्षाला पोचले. पण लुइस कागदावर थांबले नाहीत. अशीच अनियमित नाडी असलेले घोडे त्यांनी शोधले, त्यांचे आलेख काढले आणि मग छाती उघडून पाहिले तर कर्णिका खरोखरच थरथरत होत्या. आलेखातल्या थरथरीचे नाव या घोड्यांनी पक्के केले असे म्हणायला हरकत नाही. लुइस यांनी १९११ मध्ये हृदयाच्या ठोक्याच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला आणि तो अर्पण केला मॅकेन्झी आणि आइनथोव्हेन या दोघांना, एक रुग्णाच्या उशाशी बसणारा आणि दुसरा यंत्रापाशी बसणारा. हृदयाच्या संदेशवहनाचा नकाशाही त्याच सुमारास तयार होत होता: जपानी संशोधक सुनाओ तवारा यांनी जर्मनीत मारबुर्गला १९०६ मध्ये कर्णिका आणि जवनिका यांच्यामधली गाठ दाखवली, तर कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ मध्ये ठोका जिथून सुरू होतो ती जागा. हा नकाशा सूक्ष्मदर्शकाखाली, मेलेल्या हृदयांचे काप पाहून काढलेला होता.

इथे कुणी म्हणेल की निदान ठोक्यांच्या बाबतीत तरी आलेख स्वतःच बोलतो, आणि त्यात तथ्य आहे. ठोका कधी सुरू झाला, कर्णिकेनंतर जवनिकेपर्यंत किती वेळाने पोचला, एखादा ठोका गळला का, हे प्रश्न वेळेचे आहेत आणि सरकती पट्टी म्हणजे वेळच. नकाशा एकदा हाती आल्यावर ठोक्यांच्या बिघाडांबाबत ईसीजीला आजही तोड नाही. पण हे यश इतके झगझगीत होते की त्याच्या जोरावर दुसऱ्या जातीच्या प्रश्नांनाही आलेख त्याच खात्रीने उत्तरे देईल असे गृहीत धरले गेले. बिघाड हृदयाच्या कुठल्या भागात आहे, स्नायूचा कुठला तुकडा मेला आहे, हे प्रश्न जागेचे आहेत. हातापायांना लावलेल्या तारांवरून छातीतल्या मुठीएवढ्या अवयवातली जागा सांगायची तर विद्युत लहर शरीरातून कशी पसरते याबद्दल काहीतरी मानून चालावे लागते. आइनथोव्हेन यांनी १९१२-१३ मध्ये मांडलेला प्रसिद्ध त्रिकोण असेच एक गृहीतक आहे: दोन हात आणि एक पाय ही समभुज त्रिकोणाची टोके, हृदय मधोमध, आणि भोवतीचे शरीर सगळीकडे सारखे विद्युतवाहक. शरीर तसे नाही हे त्यांनाही ठाऊक होते.

डाव्या-उजव्याचा गोंधळ याच फटीतून आत शिरला. १९०९-१० मध्ये व्हिएन्नात एपिंगर आणि रोथबर्गर यांनी कुत्र्यांच्या हृदयातला एकेक फाटा छेदून आलेख काढले. प्रयोग चोख होता. डावा छेदला की असा आकार, उजवा छेदला की तसा, हे प्रत्येक वेळी दिसले. मग माणसाच्या आलेखात तोच आकार आला की तोच फाटा बिघडला असे ठरले. पुरावा बाहेरून आणलाच होता, पण ज्या छातीतून आणला ती वेगळी. कुत्र्याची छाती अरुंद आणि खोल, हृदय मधोमध उभे लोंबते. माणसाचे हृदय पसरट छातीत तिरके टेकलेले असते. त्यामुळे हृदयातली तीच घटना हातापायांच्या तारांवर दोघांत वेगळी उमटते. १९२० मध्ये आइनथोव्हेन यांचे जुने सहकारी जॉर्ज फार यांनी सैद्धांतिक गणनेवरून नावे उलटी आहेत असे मांडले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ओपेनहायमर आणि पार्डी यांना शवविच्छेदनात इजा अपेक्षेच्या उलट बाजूला आढळली. तरी कुणी मानले नाही. लुइस यांच्यासारख्याचे वजन जुन्या बाजूला होते आणि विरोधी पुरावा दोन-चार रुग्णांचा होता. निकाल लागला तो मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर इथे. १९३० मध्ये बार्कर, मॅक्लाउड आणि अलेक्झांडर यांना असा एक रुग्ण मिळाला की ज्याचे हृदय उपचारासाठी उघडे करावे लागले होते. त्यांनी जवनिकांच्या पृष्ठभागाला वेगवेगळ्या ठिकाणी सूक्ष्म विद्युत उत्तेजन दिले आणि त्याच वेळी ईसीजी काढला. उजवीकडून ठोका सुरू केला की डावी जवनिका उशिरा सक्रिय होते, म्हणजे तो डावा फाटा बंद असल्यासारखाच प्रकार. निघालेला आलेख पाठ्यपुस्तकांच्या नेमका उलट होता. अ‍ॅन आर्बरचेच फ्रँक विल्सन आणि त्यांचे सहकारी यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत बाकीचा पुरावा उभा केला आणि नावांची अदलाबदल झाली. तेव्हा ना पेसमेकर होते ना या अडथळ्यावर काही इलाज, म्हणून उलट्या नावाने कुणाचे थेट नुकसान झाले नसावे. एवढी वर्षे चूक खपून गेली त्याचे तेही एक कारण: चुकल्याची किंमत मोजावी लागली नाही की चूक उघडी पडत नाही. १९३० पूर्वीचे शोधनिबंध वाचताना आजही डाव्याच्या जागी उजवा आणि उजव्याच्या जागी डावा वाचावा लागतो.

ज्या निदानाची किंमत खरोखर मोठी होती ते हृदयविकाराच्या झटक्याचे. १९१२ पर्यंत बहुतेक डॉक्टरांची समजूत अशी होती की हृदयाला रक्त पुरवणारी मोठी रोहिणी अचानक बंद पडली की माणूस जागच्या जागी मरतो. छातीत कळ येऊन जो तासन्‌तास जगला त्याला मग दुसरे काहीतरी झाले असणार, बहुधा तीव्र अपचन. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये एका ५५ वर्षांच्या गृहस्थाची हकिकत मांडली. जेवणानंतर तासाभरात त्यांना कळ आली, ते ५२ तास जगले आणि शवविच्छेदनात डाव्या रोहिणीत गुठळी सापडली. हेरिक यांचे म्हणणे होते की रोहिणी बंद पडूनही माणूस जगू शकतो, म्हणून हे जिवंतपणी ओळखले पाहिजे. निबंधाकडे कुणी फिरकलेही नाही. त्याला कारणही होते: मेल्यावर सापडणारी गोष्ट जिवंतपणी ओळखायची कशी हे त्यात नव्हते. हेरिक यांच्या हाताखालचे फ्रेड स्मिथ यांनी कुत्र्यांच्या रोहिण्या बांधून आलेख काढले. रोहिणी बांधल्यावर लाटांचा उतरता भाग आणि टी लाट ठराविक क्रमाने बदलत गेली. हे १९१८ मध्ये छापले गेले आणि १९१९ मध्ये हेरिक यांनी तशाच प्रकारच्या माणसाच्या आलेखासह विषय पुन्हा मांडला. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड पार्डी यांनी झटक्यानंतर काही तासांतच घेतलेल्या आलेखात रेघ आर लाटेवरून पूर्ण खाली येण्याआधीच वळते आणि वर उचललेली राहते हे दाखवले. आज जगभरच्या तातडीच्या उपचार विभागांत आधी जी पाहतात ती एसटीची, म्हणजे एस आणि टी यांच्यामधल्या रेघेची, उचल हीच. इथेही कुत्राच होता. डाव्या-उजव्यात दगा दिलेला कुत्रा इथे उपयोगी का पडला? कारण इथे कुत्रा एकटा नव्हता. त्याच्या मागे हेरिक यांचे शवविच्छेदन होते आणि पुढे पार्डी यांचा जिवंत रुग्ण, कळ कधी सुरू झाली याच्या वेळेसह. तिन्ही साक्षी एकमेकींशी जुळल्या तेव्हाच ती खूण खूण झाली.

आणि तरीही हातापायांच्या तीन लीडमधून, म्हणजे तारांच्या तीन जोडण्यांमधून, हृदयाचा पुढचा भाग धड दिसत नव्हता. झटका उघड, ईसीजी जवळजवळ सरळ, असे रुग्ण डॉक्टरांना भेटतच होते. फिलाडेल्फियाचे वुल्फर्थ आणि वूड यांनी १९३२ मध्ये विद्युतअग्रे छातीवरच ठेवून पाहिली आणि हुकलेले झटके दिसू लागले. गंमत अशी की वॉलर यांनी १८८७ मध्ये पहिला आलेख छाती आणि पाठ यांवर अग्रे ठेवूनच घेतला होता. हातपाय आले ते पुढे, भांड्यात बुडवायला सोयीचे म्हणून. विल्सन यांनी १९३४ मध्ये तिन्ही अवयवांच्या तारा जोडून संदर्भबिंदू तयार केला, १९३८ मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश संघटनांनी छातीवरच्या जागा एकत्र बसून ठरवल्या, आणि १९४२ मध्ये गोल्डबर्गर यांनी आणखी तीन लीडची भर घातली. बारा लीडचा ईसीजी पुरा झाला. लुइस तोवर या क्षेत्रातून केव्हाच बाहेर पडून त्वचेतल्या रक्तवाहिन्यांच्या अभ्यासाकडे वळले होते. ठोक्यांपुरता त्यांचा ग्रंथ खरोखरच पुरा झाला होता. जागेचे प्रश्न त्यांनी इतरांसाठी सोडले.

आणखी एक आक्षेप राहतो. काही रोग असे आहेत की जे ईसीजीनेच दाखवून दिले, त्याआधी ते कुणाला माहीतच नव्हते. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी १९३० मध्ये ११ निरोगी तरुण माणसे वर्णिली. त्यांना मधूनच जोराची धडधड होई, आणि एरवीच्या आलेखात पीनंतरचे अंतर आखूड आणि लाट रुंद असे. आलेखाशिवाय हे सापडले नसते, मान्य. पण आलेखाने काय सांगितले? फाट्याचा अडथळा, म्हणजे बिघडलेले हृदय. मालक मात्र ठणठणीत होता. या विसंगतीमुळेच तिघे थबकले. कर्णिका आणि जवनिका यांना जोडणारी एक जादा वाट असावी असा तर्क पुढच्या काही वर्षांत आला, १९४३ मध्ये ती शवविच्छेदनात सापडली, आणि १९६८ मध्ये ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी एका मच्छीमाराच्या हृदयातली ती वाट कापली तेव्हा आलेखातली खूणही गेली. प्रश्न आलेखाने विचारला, उत्तर चाकूने दिले. मधल्या काळात बाह्यतः निरोगी असलेल्या किती माणसांना कागदावरून हृदयरोगी ठरवले गेले असेल, ही चिंता विल्सन यांनाच पडली होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिले की आता गावोगावी ईसीजीची यंत्रे झाली आहेत, आणि सामान्य माणसाच्या सुखाला अणुबाँबपेक्षा चुकीच्या वाचलेल्या ईसीजीचा धोका अधिक आहे. छातीवरच्या लीडना अर्थ देणाऱ्या माणसाचे हे मत आहे, यंत्राची धास्ती घेतलेल्या जुन्या वैद्याचे नव्हे.

आता वाचन संगणक करतो, लाखो आलेख पाहून शिकलेला. तेव्हा ही चर्चा शिळी झाली असे कुणाला वाटेल. संगणक थकत नाही, डोळ्याला न दिसणारे फरक पकडतो, हे खरेच आहे. पण तो शिकतो ते प्रत्येक आलेखाला कुणीतरी लावलेल्या नावावरून. १९१५ साली असा संगणक असता तर त्याने डावा-उजवा अतिशय अचूकपणे उलटा वाचला असता. १९९१ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत नऊ संगणकीय प्रणाली आणि आठ हृदयतज्ज्ञ यांना १,२२० आलेख दिले गेले. एकंदर अचूकतेचा मध्यक संगणकांचा ६९.७ टक्के आणि तज्ज्ञांचा ७६.३ टक्के आला. चर्चा या दोन आकड्यांतल्या फरकाची झाली, मला मात्र चाचणीची रचना महत्त्वाची वाटते: बरोबर उत्तर कोणते हे ईसीजी वगळून, इतर वैद्यकीय पुराव्यांवरून ठरवलेले होते. म्हणजे निव्वळ आलेख हाती असताना तज्ज्ञांचेही दर चारांत जवळजवळ एक उत्तर चुकते.

‘ईसीजी नॉर्मल आला’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी सुटकेच्या सुरात ऐकू येते, आणि झटक्याच्या पहिल्या तासांत ते अगदी फसवे ठरू शकते. म्हणून छातीत कळ आली तर कागद हातात घेऊन घरी परतण्यापूर्वी कळ नेमकी किती वाजता सुरू झाली, कुठे पसरली, घाम आला का, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, आणि दुखणे चालूच असेल तर ईसीजी थोड्या वेळाने पुन्हा काढायला सांगायला संकोच करू नका. जुने ईसीजी असतील ते बरोबर न्या. आजच्या रेघेतला बदल नवा आहे की दहा वर्षांपूर्वीचाच, हे त्याशिवाय कळत नाही. तो कागद बहुधा उष्णतेने छापलेला असतो आणि काही वर्षांत पुसट होतो. त्याची आजच झेरॉक्स काढून ठेवा.